झोंबते म्हणजे लागू पडते?

गेल्या उन्हाळ्यात पत्नीला ताप आला आणि ओठाच्या कडेला फोड उठले. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "उष्णता बाहेर पडली." मी कचेरीतून येताना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवायच असायक्लोव्हिर मलमाची नळी आणली. खोक्यातला कागद कचऱ्यात टाकला.

मलम लावताच तिला झोंबू लागले. मी म्हणालो, "झोंबते म्हणजे लागू पडते. लाव!" दिवसातून आठ-दहा वेळा लावायला लावले. तिसऱ्या दिवशी फोडांपलीकडची कातडी लाल झाली, खाज सुटली, ओठ सुजले. मी सांगितले म्हणून ती बिचारी गप्प सोसत होती.

शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, "थोडे झोंबणे, ओठ कोरडे पडून साल निघणे, हे या मलमाने होते. पण सूज आणि पुरळ आली म्हणजे ते अंगाला सोसत नाही. बंद करा. दिवसातून 5 वेळा लावायचे असते, दहा वेळा नव्हे. आणि हे उष्णतेचे नाही, विषाणूचे दुखणे आहे. बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप बरे होते. तोवर लहान मुलांचे पापे घेऊ नका."

वस्तीतल्या सभेत मी नेहमी सांगतो, वाचल्याशिवाय सही करू नका, विचारल्याशिवाय मानू नका. घरात मात्र मीच न वाचता हुकूम सोडला!

आता आमच्याकडे नळीआधी कागद उघडला जातो. त्यातले बारीक इंग्रजी अक्षर मुलगी वाचून आईला समजावते. आणि औषध झोंबले तर आई गप्प बसत नाही. भगिनींनो, तुम्हीही बसू नका.