लंडनच्या विमानात चौविहार

लेकीकडे लंडनला निघाले की मला बॅगेच्या वजनाआधी चौविहाराचा हिशेब करावा लागतो. मुंबई-लंडन अंतर सुमारे ७२०० किलोमीटर, विमानाला साधारण साडेनऊ-दहा तास. जूनमध्ये दुपारी दोनला निघालं की विमान सूर्याच्या मागे धावतं. मुंबईत सव्वासातला सूर्य मावळतो, आपल्या खिडकीत मात्र ऊन. लंडनला सूर्यास्त तिथल्या सव्वानऊनंतर, म्हणजे आपल्या पावणेदोनला! दिवस साडेसहा तासांनी लांबला.

जाऊबाई म्हणतात, सूर्य दिसतोय ना, मग खा. चुकीचं नाही ते. पण मी पच्चक्खाण मुंबईत घेतलेलं असतं, पोटही मुंबईच्याच वेळेवर चालतं. सातच्या आत पाणी पिऊन मोकळी होते. विमानातल्या कोरड्या हवेत घसा फार सुकत असेल तर सरळ तिविहार घ्यावा.

परतीला उलटं. सकाळी निघालं तरी लंडनच्या घड्याळात दुपार असतानाच बाहेर अंधारतं. जैन जेवण आधी नोंदवलं तरी ते कधी वाढतील याचा नेम नाही, म्हणून खाकरे आणि दशम्या पर्समध्येच ठेवते, वरच्या कप्प्यातल्या बॅगेत नाही.