आमची मनी

मास्टर्स संपवून टोकियोत नोकरीला लागलो त्या पावसाळ्यात निशिकासाईला आमच्या जिन्यात एक भिजलेलं पिल्लू सापडलं. मांजर चालणारं घर शोधताना नाकी नऊ आले, वर एक महिन्याचं जादा डिपॉझिट! जात जपानी, पण दहीभातावर भारी जीव.

दर दिवाळीला पुण्याला परतायचं ठरे, आणि 'मनीचं काय?' म्हणून वर्ष पुढे जाई. खरं तर आमचीच तयारी नव्हती.

सतराव्या वर्षी तिची मूत्रपिंडं थकली. घरीच कातडीखाली सलाइन द्यायचं होतं. आम्ही इंजिनिअर, पण सुई पाहून हात थरथरत. ते सगळं हिनेच केलं.

दहनानंतर अस्थी दोघांनी मिळून चॉपस्टिक्सने उचलायच्या असतात. म्हणूनच जेवताना चॉपस्टिक्समधून चॉपस्टिक्समध्ये घास देत नाहीत, हे लेकीनेच आम्हाला शिकवलं होतं. त्या दिवशी एका बाजूने तिने धरलं, दुसऱ्या बाजूने आम्ही. अस्थी ऱ्योगोकुच्या एकोइन देवळात ठेवल्या. १६५७ च्या मोठ्या आगीतल्या मृतांसाठी ते बांधलेलं. तिथे प्राण्यांसाठीही प्रार्थना होते.

रात्री आईचा फोन. "मग, आता येताय ना रे?"

आमच्याआधी लेकच म्हणाली, "आजी, मनी इथे आहे ना!"

आम्ही काहीच बोललो नाही.