बंद न होणारा संगणक

काम आरंभणें सोपें, पण तें नीट आवरून उठणें कठीण, असें वडील माणसें नेहमीं सांगतात. संगणकासही हा नियम लागू आहे, याचा प्रत्यय आम्हांस बीड जिल्ह्यांतील दिंद्रुड या आमच्या गांवीं आला.

आमचे दादा गांवकऱ्यांचे अर्ज संगणकावर उतरवून ई-मेलनें पाठवितात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं बिऱ्हाडें पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत गेलीं, म्हणजे मागें राहिलेल्या वृद्धांचीं कागदपत्रें बहुधा दादांच्याच हातीं असतात. असा चार वर्षांचा पत्रव्यवहार त्यांच्या संगणकांत एकाच फाइलींत सांठविलेला आहे. वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं, म्हणून त्यास यूपीएस जोडला आहे. पण त्याच्या बॅटरीचा दम अवघा १० मिनिटांचा. तेवढ्या अवधींत संगणक बंद झालाच पाहिजे.

गेल्या माघांत तेंच होईना. 'शट डाउन'ची आज्ञा दिली कीं पडद्यावर सूचना येई : ई-मेलचा प्रोग्राम अजून चालू असल्यामुळें संगणक बंद होत नाहीं. त्या प्रोग्रामची खिडकी तर आम्हीं आधींच मिटलेली! दादा म्हणाले, "अरे, बटण दाबून धर, म्हणजे विझेल." आम्हीं त्यांस थांबविलें. फाइल उघडी असतांना वीज तोडली, तर तिचा कांहीं भाग अर्धवट लिहिलेला राहूं शकतो, व पुढील वेळीं ती नीट उघडेलच असा भरंवसा राहत नाहीं. गरिबांचे चार वर्षांचे अर्ज असे पणास लावणें आम्हांस रुचेना.

बंद करण्याची आज्ञा झाली म्हणजे विंडोज प्रणाली चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामास आधीं विचारते, "तुझें आवरलें काय?" २००७ सालीं सर्वांच्या हातीं आलेल्या व्हिस्टा आवृत्तीपासून, कांहीं सेकंदांत होकार न मिळाल्यास, ज्याच्यामुळें अडलें त्याचें नांव ती पडद्यावर दाखविते. नांव कळतें, कारण मात्र आपणच शोधावें लागतें.

प्रथम आम्हीं आउटबॉक्स पाहिला. सातबाऱ्याच्या छायाप्रती जोडलेलें एक जड पत्र तेथें अडकून पडलें होतें. तें काढून ठेविलें, तरी अडचण कायम. मग टास्क मॅनेजर उघडला. खिडकी मिटूनही प्रोग्राम तेथें हजर! सुमारें पाव तासानें तो आपण होऊन गेला. पण बॅटरीचा दम तर दहाच मिनिटांचा. तो जातांच आम्हीं ती फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली व निर्धास्त झालों.

पुढें तोच प्रोग्राम 'सेफ मोड'मध्यें, म्हणजे त्यास जोडलेलीं उपांगें बाजूस ठेवून, सुरू केला. मिटतांच तो तत्काळ थांबला. तेव्हां मूळ प्रोग्राम निर्दोष होता! उपांगें पांच होतीं. तीं एकेक करून जोडलीं व दर वेळीं संगणक बंद करून पाहिला. तीन सुरळीत गेलीं. चौथें जोडतांच तीच सूचना पुनः आली. आलेल्या पत्रांत व्हायरस आहे काय हें तपासणारें तें उपांग होतें. आपलें काम संपलें हें तें कळवीतच नसे, व प्रोग्राम बिचारा त्याची वाट पाहत बसे. त्याची नवी आवृत्ति घातली आणि संगणक अर्ध्या मिनिटांत शांत झाला.

चोर सोडून संन्याशाला फांशी, ही म्हण अशाच प्रसंगीं आठवावी. पडद्यावर नांव एकाचें, खोळंबा दुसऱ्याचा. वाचकांपैकीं कोणास असा अनुभव आल्यास त्यांनीं रागानें वीज तोडूं नये. आधीं मोलाची फाइल सुरक्षित करावी, आणि मग एका वेळीं एकच गोष्ट बदलून पाहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष गेला तरी तो कोणाचा होता हें कधींच कळत नाहीं.