कुड्याची साल

जळगाव जामोदच्या उत्तरेस सातपुड्याची जी रांग पसरली आहे, तिच्या कुशीतील भिलाला वस्त्यांतून चालत आलेल्या झाडपाल्याच्या औषधांचा जंतुनाशक गुण पडताळून पाहण्याचे काम, महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवीत असता, मी हाती घेतले. जंगल खात्याच्या कचेरीत अर्ज रुजू करून मंजुरी मिळविली, आणि धावड्याची व कुड्याची साल, त्याचप्रमाणे शेताच्या बांधावर माजणारी कंबरमोडी, जिला अन्यत्र दगडीपाला म्हणतात, एवढाच ऐवज प्रथम निवडला.

वाटाड्या म्हणून जो वृद्ध जाणकार लाभला त्याला सारे 'बाबा' म्हणत, मीही म्हणू लागलो. कुडा ओळखण्याची त्याची रीत अशी की, सालीचा कपटा तो जिभेवर ठेवी आणि कडू जहर लागला तरच मान डोलावी. कारण काळा कुडा नावाचे दुसरे झाड दिसण्यात इतके जवळचे आहे की बाजारात त्याची साल सर्रास खऱ्या कुड्यात मिसळली जाते. "मास्तर, साल उगोतीकडच्या अंगाची घ्या, न् तिथं शेनमाती लिपा, नाहीतं झाड सुकते," असे बजावून त्याने स्वतःच ती जखम लिंपून टाकली. पोटात मुरडा येऊन आव पडू लागली म्हणजे ही साल ताकात उगाळून द्यावयाची, असा त्याचा प्रघात होता. आमच्या नोंदवहीत वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि द्रावक एवढेच रकाने आखलेले होते. ताकाला कोठेच जागा नव्हती, म्हणून ते मी शेऱ्यात लिहिले.

प्रयोगाची तऱ्हा सर्वत्र तीच. सावलीत वाळविलेल्या सालीची भुकटीतून सॉक्स्लेट उपकरणात मेथॅनॉलने अर्क काढावयाचा, तो आटवावयाचा, जंतू सारखे पसरलेल्या बशीतील अगारच्या थरात 6 मिलिमीटरचे खळगे पाडून त्यांत तो भरावयाचा, आणि 37 अंशांवर रात्रभर ठेवून सकाळी खळग्याभोवती जंतू न वाढलेले कडे किती रुंद पडले ते मोजावयाचे. वैशाखात मात्र आमच्या गावी छायेतला पाराच 40 च्या पलीकडे जातो. तेव्हा ज्या पेटीने ऊब द्यावयाची तिलाच थंड कसे ठेवावे, हा प्रश्न पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना कधी पडला नसावा.

धावड्याने स्टॅफिलोकोकस जंतूंच्या बशीत ठसठशीत कडे उमटविले, ई. कोलायपुढे मात्र त्याची मात्रा चालली नाही. या दुसऱ्या जातीच्या जंतूंना जे बाह्य आवरण असते ते पुष्कळ द्रव्यांना आत येऊ देत नाही. शिवाय धावड्याची साल टॅनिनने भरलेली, आणि टॅनिन समोर येईल त्या प्रथिनाला गोठविते, त्यामुळे त्या कड्यावरून औषध सापडल्याचा डांगोरा पिटणे मला उतावीळपणाचे वाटले. कंबरमोडीच्या रसाने जवळजवळ काहीच दाखविले नाही. पण विळा लागलेल्या बोटावर तो रस पिळतात तो वाहते रक्त थांबावे म्हणून, आणि रक्ताचा प्रश्न आम्ही त्या बशीला विचारलाच नव्हता. कुड्याचेही तेच. त्याच्या सालीतील कोनेसीन हे अल्कलॉइड आवेच्या अमीबावर चालते हे फार पूर्वीच सिद्ध झालेले आहे, आणि आमच्या बशीत अमीबा नव्हता. एकदा प्रयोगशाळेत आलेल्या बाबाने बशा निरखून विचारले, "यातला बिमार कोनता?" विद्यार्थी हसले, मला ती पृच्छा रास्त वाटली.

शेऱ्यात टाकलेल्या ताकासारखी औषध देण्याची रीत गौण मानू नये, याला मोठा दाखला चीनमधील आहे. संशोधक तू यूयू यांनी 1971 मध्ये, वनस्पती पाण्यात भिजवून पिळावी या प्राचीन ग्रंथातील सूचनेवरून उकळणे सोडले, कमी उष्णतेवर ईथरने अर्क काढला, आणि हिवतापावरील आर्टेमिसिनिन हाती आले. त्यांना 2015 चे नोबेल पारितोषिक त्यासाठीच मिळाले. त्या आधारावर मी कुड्याची साल ताकात उगाळून खळग्यात भरली, आणि शेजारच्या खळग्यात नुसते ताक. कडे दोन्हींभोवती पडले. ताकातले आम्लच बरेचसे काम करीत होते. सालीच्या कड्याची रुंदी किंचित अधिक भरली, परंतु मोजपट्टीवर विसंबून श्रेय सालीला द्यावे इतका तो फरक मोठा नव्हता. तक्त्यात मी दोन्ही आकडे एकापुढे एक मांडले, आणि शेऱ्यात लिहिले की हाच प्रयोग अमीबावर करावयाचा राहिला आहे, ज्याची सोय आमच्या प्रयोगशाळेत नाही.