ग्रब रेस्क्यू

आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज आणि उबुंटू शेजारी शेजारी नांदतात. विंडोजला जागा हवी म्हणून दुरुस्तीवाल्याने मधले रिकामे पार्टिशन उडवले. दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर एवढेच: असे पार्टिशन नाही, ग्रब रेस्क्यू. "सर, फॉरमॅट मारावा लागेल," फोनवर उत्तर आले. मी नको म्हटले. उबुंटूत आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. मूळ वही वाळवीने खाल्लेली.

ग्रबचा छोटा तुकडा डिस्कच्या सुरुवातीच्या भागात असतो, बाकी फाइली उबुंटूच्या पार्टिशनात. तो पार्टिशन क्रमांकाने ओळखतो. हजेरीपटातले एक नाव कमी झाले की पुढचे क्रमांक सरकतात ना, तसेच इथे सातवे सहावे झाले होते. पोर वर्गातच, पण हाक चुकीच्या नंबराला!

'एलएस' लिहून एकेक पार्टिशन पाहिले. सहाव्यात ग्रबचा फोल्डर दिसला. 'सेट'ने रूट आणि प्रीफिक्स तिकडे वळवले, 'इनस्मॉड नॉर्मल', मग 'नॉर्मल', आणि मेनू आला. हे मात्र तात्पुरते. उबुंटूत शिरल्यावर 'ग्रब-इन्स्टॉल' आणि 'अपडेट-ग्रब' द्यावेच लागते, नाहीतर पुन्हा काळा पडदा.

ओव्या जशाच्या तशा होत्या. त्याच दुपारी कळंबहून मंचरला जाऊन दोन प्रती छापून आणल्या. एक धाकट्या बहिणीला दिली. तिला त्यांच्या चालीही आठवतात.