चायना गेटवरून माघार

बँकेच्या नोकरीत वीस वर्षं काढली की माणसाला एक खोड लागते. कोणी काहीही बोललं की 'व्हाउचर कुठाय?' असं तोंडात येतं. आमच्याकडे साध्या रिक्षाभाड्यालासुद्धा कागद लागतो, त्यावर दोन सह्या लागतात आणि मग ऑडिटर येऊन त्या सह्यांकडे संशयानं बघतो. सिनेमावरच्या मताला मात्र यातलं काहीच लागत नाही. सिनेमा पाहिलेला असला पाहिजे अशीसुद्धा अट नाही.

परवा डब्याच्या वेळी शाखेत कोणीतरी 'चायना गेट'चं नाव काढलं. आदल्या रात्री टीव्हीवर लागला होता म्हणे. मग काय विचारता! साहेब म्हणाले, "फ्लॉप." हेड कॅशियर म्हणाले, "ते छम्मा छम्मा सोडलं तर आहे काय त्यात?" नवीन लागलेली मुलगी, जी सिनेमा आला तेव्हा जन्मायची होती, तीही म्हणाली, "एकदम बोअर!" खात्यात एक पैसा जमा नसताना तिघांनीही चेक फाडले आणि तिन्ही वटले. मी भेंडीची भाजी चिवडत गप्प बसलो. का गप्प बसलो, ते सांगायला जरा मागं जावं लागेल.

१९९८ साली मी जी. एस. कॉमर्सला बी.कॉम. करत होतो, म्हणजे डेबिट डावीकडे असतं एवढं मला कळत होतं. राहायला महालात, एका जुन्या वाड्यात. २७ नोव्हेंबरला, शुक्रवारी, 'चायना गेट' लागला. आदल्याच वर्षी 'बॉर्डर' येऊन गेला होता आणि अख्खा महाल लोंगेवालाला हजर असल्यासारखा बोलत होता. त्यात हा सिनेमा 'घायल'वाल्या राजकुमार संतोषींचा. पोस्टरवर ओम पुरी, अमरीश पुरी, नसीरुद्दीन शाह, डॅनी, कुलभूषण खरबंदा! लग्नपत्रिकेत झाडून सगळ्या काकांची नावं छापावीत तसा प्रकार. आणि वर नाव काय, तर चायना.

आमच्या मामांनी पोस्टर पाहूनच निकाल दिला, "बासष्टचा हिशेब चुकता होणार." मामा बासष्ट साली नऊ वर्षांचे होते. पण तो हिशेब तेव्हापासून त्यांच्याकडेच थकलेला होता आणि ते दर दिवाळीला त्यावर व्याज लावत.

मामा, मामेभाऊ, वाड्यातले गणिताचे मास्तर आणि मी असं आमचं पथक ठरलं. पाचवे निघाले सुभेदारकाका. याचं सगळ्यांना नवल वाटलं. सुभेदारकाका वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहात. फौजेतून निवृत्त झाल्यावर ते एका बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन स्टुलावर बसत. ती बंदूक त्यांनी उभ्या नोकरीत एकदाही झाडली नाही, पण रोज पुसली. सिनेमाला ते कधी येत नसत. 'बॉर्डर'लासुद्धा आले नव्हते. आमच्यात ते निवांत बोलतील असा एकच विषय होता, तो म्हणजे मी बँकेची परीक्षा कधी देणार. पण त्या दिवशी त्यांनी पोस्टरवरचं नाव अक्षर लावून वाचलं आणि म्हणाले, "मी येतो."

बासष्ट साली सुभेदारकाका तेवीस वर्षांचे शिपाई होते आणि नेफात होते, एवढं वाड्याला माहीत होतं. त्यापुढचं माहीत नव्हतं.

सदरमधल्या एका टॉकीजमध्ये तीनचा खेळ. पडदा उघडला. एका जुन्या मोहिमेत माघार घेतली म्हणून कोर्ट मार्शल झालेला कर्नल म्हातारपणी जीव द्यायच्या तयारीत असतो. तेवढ्यात एक मुलगी मदत मागायला येते. देवदुर्ग नावाच्या मुलखात जगीरा नावाच्या डाकूनं उच्छाद मांडलाय. कर्नल आपले जुने साथीदार गोळा करतो. ते सगळे तितकेच म्हातारे आणि तितकेच बदनाम. निघतात डाकू मारायला.

म्हणजे चायना गेट हे त्या जुन्या मोहिमेचं नाव. चीनचा यात काडीचा संबंध नाही. हे आम्हां चौघांना पहिल्या अर्ध्या तासात कळलं. मामांना कळलं नाही. ते मध्यंतरापर्यंत दर दहा मिनिटांनी विचारत होते, "चीन कधी येणार?"

या कथेची वंशावळ मात्र वाचण्यासारखी आहे. अकिरा कुरोसावांनी १९५४ साली जपानमध्ये 'सेव्हन सामुराई' काढला. गरीब शेतकरी लुटारूंपासून वाचण्यासाठी सात लढवय्ये भाड्यानं आणतात, ही गोष्ट. १९६० साली अमेरिकेनं तिलाच घोड्यावर बसवून 'द मॅग्निफिसंट सेव्हन' केला. मग इटलीला वाटलं, आपणच का मागं राहा? सर्जिओ लिओनींनी कुरोसावांचाच दुसरा सिनेमा, 'योजिम्बो', उचलून १९६४ साली 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' बनवला. दिग्दर्शक इटलीचा, गोष्ट जपानची, गाव मेक्सिकोचं, वाळवंट स्पेनचं आणि नावात डॉलर अमेरिकेचे. जपान्यांनी दावा लावला आणि नुकसानभरपाई घेतली ती वेगळीच. असल्या सिनेमांना 'स्पॅघेटी वेस्टर्न' नाव पडलं. स्पॅघेटी म्हणजे इटलीच्या शेवया. आमच्याकडे शेवयांची खीर करतात. १९७५ चा 'शोले' ही ती खीर, उत्तम जमलेली. 'चायना गेट'मध्ये त्याच पातेल्यात खीर, तर्री आणि पलटणीचा लंगर एकदम शिजवायला घेतला होता. पदार्थ सगळे अस्सल. पण पानात काय पडलंय ते कळेना.

त्यातून पब्लिकची स्मरणशक्ती भारी. 'शोले'त गब्बरची गोळी खाऊन मेलेला कालिया, म्हणजे आपले विजू खोटे, इथं निवृत्त फौजी म्हणून डाकूशी लढायला उभे. मागून आवाज आला, "अबे, हा त मेला होता ना!" जगदीप दिसले की कोणीतरी 'सूरमा भोपाली!' असं ओरडे आणि सीमेवरच्या त्यागाचं वातावरण लाकडाच्या वखारीत जाई. जगीरा झालेला मुकेश तिवारी तेव्हा अगदी नवा होता. तो हसला की पुढच्या रांगेतली पोरंही गप्प होत. मग उर्मिला मातोंडकर आली, नाचली आणि गेली, ती पुन्हा दिसलीच नाही. तेच छम्मा छम्मा पुढं २००१ साली 'मूलां रूज' नावाच्या परदेशी सिनेमात जाऊन पोचलं. त्या दिवशी मात्र गाणं संपल्याबरोबर दोन रांगा उठून बाहेर गेल्या. त्यांचे पैसे वसूल झाले होते.

आणि आता एक कबुली. मला सिनेमा आवडत होता. म्हातारे धावताना धापा टाकत होते, एकमेकांवर चिडत होते, जुनी उणीदुणी काढत होते. ते पाहून माझ्या घशात काहीतरी अडकत होतं. दोनदा मी डोळ्यांत काही गेल्यासारखं केलं. शेजारी सुभेदारकाका ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, बँकेच्या स्टुलावर बसत तसे. खारे दाणे त्यांनी हातात धरले होते, तोंडात टाकले नाहीत.

सुटल्यावर समोरच्या टपरीवर चहा सांगितला आणि सुनावणी सुरू झाली. मामा म्हणाले, "शुद्ध फसवणूक. चायना म्हणून सांगतात आणि दाखवतात काय, तर डाकू! उद्या मी संत्रा बर्फी म्हणून बेसनाचा लाडू दिला तर?" मामेभाऊ म्हणाला, "हीरोच नाही. सगळे रिटायर. त्यापेक्षा पेन्शनच्या लायनीत उभं राह्यलो असतो, फुकटात दिसले असते." मास्तर म्हणाले, "माणसं फार. सातांना रडून होतं, दहांना भागाकार करावा लागतो." टपरीवाला चहा गाळता गाळता म्हणाला, "कालपासून समदे हेच सांगून राह्यले. पडला म्हना." त्यानं स्वतः सिनेमा पाहिला नव्हता. तो टॉकीजसमोर उभा राहून लोकांच्या तोंडाकडे बघून सांगत असे, आणि आजवर त्याचा एकही अंदाज चुकला नव्हता असं तोच म्हणे.

(तो याही खेपेला बरोबर ठरला. एवढा गाजावाजा होऊनही सिनेमानं निराशाच केली, हे आता सगळ्यांना माहीत आहे.)

मग सुभेदारकाका माझ्याकडे वळले. "तुले कसा वाटला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मामा बघत होते, मामेभाऊ बघत होता. टपरीवाल्यानंसुद्धा गाळणी थांबवली. मी कॉलेजातला मुलगा. आवडला म्हणालो असतो तर वाड्यात महिनाभर माझं नाव जगीरा पडलं असतं.

"बोअर," मी म्हणालो. "एकदम बोअर."

"असं का," काका म्हणाले आणि कप खाली ठेवला.

मामा स्कूटरवरून गेले, मास्तर सायकलवरून. काकांना बसमध्ये पैसे घालवणं पटत नसे, म्हणून आम्ही दोघं पायी निघालो. कस्तुरचंद पार्क मागं पडलं. अंधार झाला होता, थंडी सुटली होती. सीताबर्डीच्या किल्ल्याखाली आलो तेव्हा काका थांबले आणि वर बघत राहिले. तारीख त्यांना ठाऊक होती की नाही कोण जाणे. पण १८१७ साली याच टेकडीवर, २६ आणि २७ नोव्हेंबरला, भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली होती. आपले लोक कितीतरी पटींनी जास्त होते, आणि तरी हरले. त्यांनी काय करायला हवं होतं ते महालातल्या कुठल्याही पानठेल्यावर आजही सविस्तर सांगतात.

"मले त आवडला," काका एकदम म्हणाले.

मी काहीच बोललो नाही.

"आमी सेलाच्या मांगं होतो. साडेतेरा हजार फूट. पायात क्यानव्हासचे जोडे. रातच्याले हुकूम आला का मांगं व्हा. हुकूम आला त मांगं झालो. कितीक दिवस चाललो पहाडातून, माह्या जोडीचा पोट्टा तेथीच राह्यला. खाली आसामात पोचलो त समजलं, लढाई बंद झाली. चीननंच बंद केली."

पुढं चालू लागलो. लोहापूल येईपर्यंत ते गप्प होते.

"मंग सुट्टीवर गावाले आलो. पारावर समदे बसून. काहून पयून आले, म्हने. गावचा न्हावी माही दाढी करता करता सांगे, मी असतो ना सुभेदार, त असं केलं असतं. तवा मी सुभेदारबी नव्हतो." काका हसले. "त्यानं अमरावतीच्या पुढं काही पाह्यलं नव्हतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हननार? गयावर वस्तरा होता."

मलाही हसू आलं, पण नीट येईना. पुलाखालून बाहेर पडल्यावर ते म्हणाले, "शिनिमात म्हातारे पयताना दम लागते, ते खरं दाखवलं. येकच गोष्ट खोटी हाये. इतक्या वर्सानं कोनी बोलवाले येत नाही."

वाड्याच्या दारात त्यांनी खिशातले खारे दाणे काढले, माझ्या हातावर ठेवले आणि बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणलास का म्हणून विचारलं. पुढं मी परीक्षा पास झालो आणि पहिल्या पगाराचे पेढे त्यांना नेऊन दिले. तेव्हा म्हणायचं मनात होतं, काका, मलाही आवडला होता. पण पेढ्याच्या खोक्याबरोबर तो विषय निघेना, आणि नंतर काका गावी गेले ते गेलेच. त्यांच्या खोल्यांत आता झेरॉक्सचं दुकान आहे.

तर परवा डब्याच्या वेळी हे सगळं डोळ्यांसमोरून गेलं. साहेब निकाल देऊन ताक प्यायला लागले होते. हेड कॅशियरनी मला विचारलं, "काहो, तुम्ही पाहिला होता ना थेटरात? पडेलच होता ना?"

घास गिळला. म्हणालो, "मला आवडला होता."

टेबलावर शांतता पसरली. नवीन मुलीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं आम्ही फाटक्या नोटेकडे बघतो, घ्यावी की परत करावी अशा विचारात.

"कोर्ट मार्शलच करायला पाहिजे तुमचं," हेड कॅशियर म्हणाले, आणि लिंबाच्या लोणच्याची बाटली माझ्याकडे सरकवली.