सोळा चॅनेलचा डबा आणि मास्तरांची पांढरी पाच

तर मंडळी, या शनिवारी कोड नाही, फ्रेमवर्क नाही, मॅनेजरच्या नावाने शंख तर अजिबात नाही. या वेळी सोल्डरिंग! गेल्या पावसाळ्यात सुट्ट्या जोडून जोडून मी अकरा दिवस वडशाला काढले आणि एक जुना ॲनालॉग मिक्सर पार उघडून पुन्हा उभा केला. ऑफिसात सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "वडसा कुठे आलं?" आणि दुसरा, "नवीन डिजिटल का नाही घेतला?" पहिल्याचं उत्तर दोन ओळींत देता येतं. दुसऱ्यासाठी हे सगळं लिहितोय.

वडसा म्हणजे कागदोपत्री देसाईगंज, जिल्हा गडचिरोली. चांदा फोर्टहून गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीत बसायचं. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, मग वैनगंगा ओलांडली की वडसा. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा हा जंगलाचा आणि धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी, आणि वडसा ही तिथल्या नाटकांची राजधानी. दिवाळीनंतर धान घरात आलं की नाटकं सुरू होतात ती थेट होळीपर्यंत. रात्री दहाच्या आसपास पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत काम चालतं. गाणी, नाच, विनोद, रडारड, सगळं समोरासमोर. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यातल्या माझ्या बऱ्याच मित्रांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. असो.

माझे मावसाजी या नाटकांचे साउंडवाले. पंचवीस सीझन एकाच मिक्सरवर काढले. आता घरामागच्या खोलीत छोटा स्टुडिओ टाकलाय, नाटकांची गाणी तिथे रेकॉर्ड होतात. मिक्सर तोच. सोळा चॅनेलचा, कंपनीच्या नावाची पट्टी केव्हाच गळून पडलेली, प्रत्येक फेडरखाली पिवळ्या टेपवर मार्करने लिहिलेलं: नायिका, खलनायक, तबला, ऑर्गन.

जगात जुन्या मिक्सरची मोठी प्रेमप्रकरणं आहेत. लॉस एंजेलिसचा साउंड सिटी हा स्टुडिओ २०११ मध्ये बंद झाला तेव्हा डेव्ह ग्रोलने तिथला नीव्ह ८०२८ कन्सोल विकत घेतला आणि २०१३ मध्ये त्यावर चक्क एक माहितीपट काढला. आमच्या डब्याचं तसं काही नाही. त्याच्या आवाजात काही जादू आहे असा माझाही दावा नाही. मी मावसाजींना सरळ म्हटलं, "तुम्ही डिजिटल घ्या, मी पैसे घालतो."

ते म्हणाले, "बाबू, रात्री दोन वाजता खेड्यात तो नवा डबा बंद पडला त मी कोनाले फोन करू? याचं एक चॅनेल मेलं त पंधरा जिवंत राह्यतेत."

आपण ज्याला ग्रेसफुल डिग्रेडेशन म्हणतो आणि ज्यावर स्लाइड्स बनवतो, ते या माणसाने एका वाक्यात संपवलं :)

पण खरं कारण वेगळं होतं. ऑर्गनवर बसणारे मास्तर. वय चौऱ्याहत्तर, बोटं आखडायला लागलेली. येणारा सीझन शेवटचा असं त्यांनीच जाहीर केलेलं. आणि इतक्या वर्षांत त्यांच्या वाजवण्याचं धड एकही रेकॉर्डिंग नाही! आहेत ते प्रेक्षकांनी मोबाइलवर घेतलेले तुकडे, त्यात ऑर्गन कमी आणि शिट्ट्या जास्त. मिक्सरमधून बाहेर पडतं ते सगळं एकत्र कालवलेलं. मला प्रत्येक चॅनेल सुटा हवा होता. म्हणजे डबा उघडणं आलंच.

पहिला शत्रू हम्म. स्पीकरमधून सतत एक घुंई येत होती. मी स्कोप लावायच्या तयारीत, तर कोपऱ्यात बसलेले मास्तर म्हणाले, "पांढरी पाच आहे जी. जरा चढी." मग ऑर्गनपाशी जाऊन त्यांनी खालच्या सप्तकातली पांढरी पाच दाबली. तंतोतंत त्याच सप्तकात.

आता गंमत बघा. आपली वीज ५० हर्ट्झची. रेक्टिफायर लाटेचे दोन्ही अर्धे एका दिशेला वळवतो, म्हणून पॉवर सप्लायमधून गळणारी घुंई १०० हर्ट्झची. अर्थिंगच्या गोंधळातून येणारी बहुतेक वेळा ५० ची. दोन्ही स्वर एकच, फक्त एका सप्तकाचा फरक! खालची पांढरी पाच म्हणजे ९८ हर्ट्झ, म्हणून १०० "जरा चढी". मास्तरांनी सप्तक सांगितलं आणि माझं निदान झालं: मेन फिल्टर कपॅसिटर सुकलेत. मास्तर वर म्हणाले, की खेड्यात जनरेटरवर हाच डबा कधी कधी उतरतो. अगदी बरोबर! लोड वाढून जनरेटर ४७ वर आला की घुंई ९४ वर येते, म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर खाली. इतकी वर्षं हा माणूस त्या बदलत्या घुंईच्या वर सुरात वाजवत होता.

कपॅसिटर सुकणारच होते. जुन्या मालावर २००० तास, ८५ अंश असं रेटिंग असतं, आणि तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. हीटसिंकला खेटून बसलेल्यांना ५५ अंश धरले तर झाले १६,००० तास. सीझनला शंभर रात्री, रात्रीचे आठ तास, पंचवीस सीझन: २०,००० तास. बिचाऱ्यांनी ओव्हरटाइम केला होता. बुधवार पेठेतून १०५ अंशांचे नेले आणि सगळे बदलले. घुंई गेली. खाली बारीकशी ५० ची उरली होती, ती मिक्सर आणि कॉम्प्युटर यांच्यामधल्या ग्राउंड लूपची. तिथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकले. (काही जण अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिनच काढतात. कृपया असं करू नका, माइक हातात धरलेल्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे.)

दुसरा मुद्दा ऑपॅम्प. इंटरनेटवर जो तो सांगतो, टीएल०७२ काढा, एनई५५३२ लावा, खरखर कमी होईल. होते. पण टीएल०७२ ची चिप साधारण ३ मिलीॲम्पिअर खाते, ५५३२ खाते ८. सगळ्याच बदलल्या तर पॉवर सप्लायवर अडीचपटीहून जास्त भार. म्हणून जिथे फरक पडतो तिथेच बदलल्या: माइकच्या पहिल्या टप्प्यात आणि बेरजेच्या टप्प्यात. ॲनालॉगमध्ये साधी बेरीजसुद्धा फुकट नसते हो! सोळा चॅनेल एकत्र करणारा ॲम्प्लिफायर स्वतःची खरखर सतरा पटींनी मोठी करतो, म्हणजे जवळजवळ २५ डेसिबल. आपण कोडमध्ये अधिकचं चिन्ह किती बेफिकीर टाकतो...

खरं भांडण झालं फेडरवरून. मला सोळाच्या सोळा नवे लावायचे होते. मावसाजी हटून बसले. "माझ्या बोटाले रस्ता मालूम आहे बाबू. नायिका रडाले लागली की कुठवर ढकलाचं, ते बोट सांगते." आणि खरंच, नव्या फेडरचा उतार वेगळा होता, अर्ध्यावर आवाज भलताच. इंटरफेस तोच पण वागणूक वेगळी, म्हणजे युजर आपल्याला शिव्या देणारच. शेवटी तेरा जुने आयसोप्रॉपिल अल्कोहोलने धुऊन परत लावले. तीन पार झिजले होते. तिथे नवे टाकून सरकत्या टोकापासून ग्राउंडला एकेक रेझिस्टर जोडला, त्याने उतार जुन्यासारखा वळतो. मावसाजींनी डोळे मिटून सोळाही फिरवले. दोन ओळखले. त्या दोघांचे रेझिस्टर बदलले. मग नाही ओळखता आले.

शेवटी माझं काम: मागच्या पत्र्याला सोळा भोकं आणि सोळा जॅक. सिग्नल फेडरच्या आधीच बफरमधून बाहेर काढला. मावसाजींनी समोर काहीही खालीवर केलं तरी रेकॉर्डिंगला धक्का नाही. त्यांचा शो त्यांचा, माझे ट्रॅक माझे.

जानेवारीत ब्रह्मपुरीकडच्या एका गावात पूर्ण नाटक रेकॉर्ड झालं. पहाटेपर्यंत एकही चॅनेल मेलं नाही. दोन दिवसांनी स्टुडिओत मास्तरांना फक्त ऑर्गनचा ट्रॅक ऐकवला. स्वच्छ, सुटा, पायपेटीची करकरसुद्धा त्यात आलेली. ते बराच वेळ ऐकत राहिले. मला वाटलं खूश होतील.

"हे कोन वाजवून राह्यलं जी?" ते म्हणाले. "मी असा एकटा कधी वाजवलोच नाही. तिचं गानं लाव सोबत."

गायिकेचा ट्रॅक उघडला. मग तबला. मग त्यांनीच सांगितलं, पब्लिकचा पण आवाज लाव. तो सुटा नव्हताच, सगळ्या माइकमध्ये थोडा थोडा सांडलेला होता. सगळे फेडर वर गेले तेव्हा त्यांची बोटं मांडीवर हलायला लागली. मिक्स मावसाजींनी केला, बोटांनी, पिवळ्या टेपकडे न बघता.

सुटे ट्रॅक तीन डिस्कवर ठेवलेत, कुणाला शिकायचं असेल तर आहेत. मास्तरांच्या घरी मात्र पेन ड्राइव्हवर तो कालवलेलाच आवाज गेला. त्यांना तोच हवा होता.